थोडक्यात हरणारे

नेब्रास्का विद्यापीठाचा २०२१चा फुटबॉल हंगाम आठवला की वाटतं, सडकून हरलेलं परवडलं. (अंडाकृती चेंडू हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात, हे अमेरिकेत विचारू नये.) बारा सामने, तीन विजय, नऊ पराभव, आणि एकही पराभव नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. हंगामभरात दिलेल्यापेक्षा मिळवलेले गुण जास्त, तरी हाती धुपाटणं!

चाहत्याचा जीव जातो तो इथे. विद्यापीठाचं लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम १९६२पासून दर सामन्याला हाऊसफुल्ल आहे. उरलेली तिकिटं कधी देणगीदार उचलतात, पण परंपरेसाठी एवढं चालायचंच. प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट म्हणजे तर घरचाच मुलगा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार. परक्याला शिव्या देता येतात, याला कशा देणार? मला विचाराल तर त्याची निवडच मुळात स्मरणरंजनातून झाली होती. पगार कापून त्याला आणखी एक हंगाम दिला. २०२२मध्ये तिसऱ्याच सामन्यानंतर नारळ मिळाला. तो सामनाही तीनच गुणांनी गेला होता.