शेततळ्याला आधी दोर, मग पाणी



शाळेला सुट्टी लागली, की मुले रानात येतात. विहिरीची त्यांना भीती असते. शेततळे मात्र पसरट, साधे दिसते, आणि तेथेच घात होतो.

30 बाय 30 मीटरच्या शेततळ्याची खोली 3 मीटर, म्हणजे सुमारे 10 फूट असते. उतारावर 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. त्यावर शेवाळ धरले, की पाय ठरत नाही आणि हाताला पकड मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन दमतो. एक मूल बुडताना पाहून दुसरे उडी घेते आणि दोन्ही जातात.

एका शेततळ्याची मापे मी स्वतः घेतली होती. कागद तपासला, शेरा मारला. महिनाभराने त्या घरची सातवीतली मुलगी कळशी भरताना घसरली. आजीने बांधावर वाळत घातलेले लुगडे फेकले, म्हणून ती वाचली. मी भेटायला गेलो, तेव्हा आजी म्हणाल्या, "सायेब, तुम्ही समदं मोजलंत. पण पोर पडलं तर त्यानं धरायचं काय, ते नाही इचारलंत." मी खाली मान घातली. तेव्हापासून शेततळ्यावर गेलो, की प्रथम दोर पाहतो.

आपणही एवढे करावे :

1) चारही बाजूंनी कुंपण घालावे. फाटकाला कुलूप लावून किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवावी.

2) प्रत्येक बाजूला जाड नायलॉनचा दोर पक्क्या खांबाला बांधून तळापर्यंत सोडावा. हात-हात अंतरावर गाठी माराव्यात.

3) हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला मोकळा कॅन दोर बांधून काठावर तयार ठेवावा.

4) पाणी आणण्यास मुलांना एकटे पाठवू नये.

मुलांना शिकवावे, की कोणी पडले तर उडी घ्यायची नाही. आरडाओरड करायची, दोर किंवा ट्यूब फेकायची.

बाहेर काढलेल्या मुलाचा श्वास चालत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. उताणे निजवून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी 30 वेळा जोराने दाबून 2 श्वास, असे चालू ठेवावे. दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर आले, तरी दवाखान्यात न्यावेच.

पिकासाठी पाणी आपण राखतो. ज्यांच्यासाठी पीक काढायचे, त्यांना आधी राखू या. दोर आजच बांधा.