साखर दिसली पाहिजे: कॅसलरॉककरांचा जाहीरनामा

घाटासाठी इंजिने जोडायला कॅसलरॉकला गाडी थांबते आणि फलाटावर चहाची किटली फिरू लागते. हा चहा साखरेसकट उकळलेला. पोटात किती चमचे गेले, पिणाऱ्याला पत्ता नाही. थंडपेयात साखर विरघळलेली, बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत दडलेली. या न दिसणाऱ्या साखरेविरुद्ध आम्ही कॅसलरॉकचे रेल्वे कामगार, गवळी, शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि गृहिणी आजपासून चळवळ उभी करत आहोत.

धोका दाराशी आला आहे. घाट उतरला की गोवा. आमच्या सोयरिकी, नोकऱ्या, बाजार तिकडेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे देशातले सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. मधुमेह एकट्या साखरेने होतो, असे आम्ही म्हणत नाही. पण गोड पेयांनी पोट भरत नाही, वजन मात्र वाढते. जादा साखरेची यकृतात चरबी होते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दात किडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मर्यादा सांगितली. वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांखाली आणली तर आणखी चांगले. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की कोटा संपला. कोलाची ३०० मिलिलिटरची बाटली एकटीच तो ओलांडते. अख्खे फळ आणि साधे दूध या हिशेबात नाही.

ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग १९५३ साली उठले. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनिंगचा काळ मिळालेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला, असे २०२४ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या अभ्यासात दिसले. म्हणून आमची पहिली जबाबदारी बाळांची.

आमचे ठराव:

१. दोन वर्षांखालील बाळाच्या दुधात, पेजेत साखर-गूळ घालणार नाही. नवजात बाळाला मध चाटवणार नाही.
२. चहा बिनसाखरेचा उकळू. साखर वेगळी ठेवू. ज्याला हवी त्याने आपल्या हाताने घालावी.
३. पाहुण्यापुढे थंडपेयाची बाटली नको. ताक द्यावे, नाहीतर मीठ-जिरे घातलेले सोलांचे पाणी.
४. शाळेत वाढदिवसाला चॉकलेटऐवजी केळी, पेरू वाटू.

आमच्या मागण्या:

१. शाळा-अंगणवाडीच्या आवारात थंडपेये विकू नयेत.
२. चिलीने २०१६ पासून केले तसे, जास्त साखरेच्या मालाच्या पुढच्या बाजूला ठळक इशारा छापावा; तो आमच्या भाषांतही असावा.
३. आरोग्य केंद्रात रक्तातल्या साखरेची तपासणी नियमित, मोफत व्हावी.

हल्याळच्या ऊसवाल्याशी आमचे भांडण नाही. सणाची पुरणपोळी, नैवेद्याचा गूळ आम्हाला प्यारा आहे. सणाचे गोड सणालाच शोभते.

या चळवळीला वर्गणी नाही. माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या हिशेबाने चौघांच्या घराला साखर-गूळ, बिस्किटे, बाटल्या यांतली सगळी साखर धरून महिन्याला तीन किलो ही कमाल मर्यादा. मुले लहान असतील तर त्याहून कमी. आपल्या किराण्याच्या यादीतला आकडा आज काढा आणि पुढच्या महिन्यात तो खाली आणा. तुम्ही सभासद झालात.