बादमेचा चुकलेला हिशेब

बादमे हे आफ्रिकेच्या शिंगातील, इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्या सीमेवरचे एक धुळीचे गाव. मे १९९८ मध्ये एरिट्रियाच्या सैन्याने ते ताब्यात घेतले आणि जे युद्ध पेटले त्यात दोन वर्षांत ७० हजार ते एक लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. 'दोन टकल्यांचे कंगव्यासाठी भांडण' अशी या युद्धाची पाश्चात्त्य वर्तुळात तेव्हा थट्टा झाली. थट्टा चटपटीत खरी. पण ती करणाऱ्यांना भांडण कळले नव्हते. कारण भांडण कंगव्याचे नव्हतेच.

एरिट्रियाचे इसायास अफेवर्की आणि इथिओपियाचे मेलेस झेनावी हे एकेकाळचे सहकारी. दोघांच्या बंडखोर संघटनांनी मिळून मे १९९१ मध्ये मेंगिस्तू हैले मरियम यांची लष्करी राजवट उलथवली. पुढे १९९३ मध्ये सार्वमत घेऊन एरिट्रिया स्वतंत्र झाला, तोही अदिस अबाबाच्या संमतीने. खांद्याला खांदा लावून लढलेल्यांना नकाशाची निकड वाटली नाही. इटलीने सम्राट मेनेलिक यांच्याशी १९००, १९०२ आणि १९०८ मध्ये केलेले करार दप्तरात होते; त्यानुसार जमिनीवर खुणेचे खांब मात्र कधीच रोवले गेले नव्हते. नोव्हेंबर १९९७ मध्ये एरिट्रियाने 'नाक्फा' हे स्वतःचे चलन आणले, तेव्हा इथिओपियाने यापुढचा मोठा व्यापार डॉलरमध्येच होईल असे बजावले. मैत्रीचा आधार तेथेच सुटला. बादमेची ठिणगी नंतरची.

इसायास यांचा आडाखा उघड होता. मेंगिस्तूंचे अवाढव्य सैन्य आपण हरवले, तेव्हा वांशिक गटांत विभागलेला इथिओपिया सीमेवरच्या एका खेड्यासाठी कशाला जिवावर उदार होईल? शिवाय त्याची आयात-निर्यात आपल्याच असाब बंदरातून होते! दोन्ही गृहीतके कोसळली. 'मेलेस यांनी समुद्र देऊन टाकला' हा ठपका इथिओपियात आधीपासूनच होता. म्हणूनच एक गाव सोडणेही त्यांना परवडणारे नव्हते. व्यापार जिबूतीकडे वळला, असाबचे धक्के ओस पडले. फेब्रुवारी १९९९ मध्ये इथिओपियाने बादमे परत घेतले आणि मे २००० मध्ये त्याच्या फौजा एरिट्रियात खोलवर घुसल्या.

डिसेंबर २००० मधील अल्जिअर्स करारानुसार सीमा ठरवण्याचे काम हेग येथील पाच सदस्यांच्या आयोगाकडे गेले. त्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक राहील, हे दोघांनी आधीच मान्य केले होते. १३ एप्रिल २००२ रोजी निकाल आला तेव्हा अदिस अबाबाने घाईघाईने विजय जाहीर केला. निकाल नीट वाचल्यावर कळले, की बादमे एरिट्रियाच्या वाट्याला गेले आहे. मग तोच निकाल अन्यायकारक ठरला. दुसरीकडे, नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी नेमलेल्या आयोगाने २००५ मध्ये १९९८चा हल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग असल्याचे सांगितले. म्हणजे गाव एरिट्रियाचे आणि आगळीकही एरिट्रियाचीच. एवढा स्पष्ट न्याय क्वचितच मिळतो; पण त्याची अंमलबजावणी करणारे कोणीच नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने, ज्यात भारतीय लष्कराची बटालियनही होती, मधल्या पट्ट्यात पहारा केला. २००८ मध्ये तीही परतली. एरिट्रियात कागदोपत्री १८ महिन्यांची असलेली सक्तीची सेवा बेमुदत झाली आणि तरुण सीमा ओलांडून पळू लागले.

या पार्श्वभूमीवर २०१८ हे वर्ष चमत्कारासारखे भासले. इथिओपियाचे नवे पंतप्रधान अबी अहमद यांनी निकाल स्वीकारला आणि जुलैमध्ये अस्मारा गाठले. दूरध्वनी सुरू होताच लोकांनी पलीकडचे कोणतेही क्रमांक फिरवून अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या. अबी यांना २०१९चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तोवर सीमेवरील नाकी एकामागोमाग एक बंदही झाली होती. सीमांकन, जकात, बंदर यांपैकी कशाचाही तपशील करारात नव्हता. दोघांना जोडणारा खरा दुवा टिग्रेतील टीपीएलएफ या पक्षाविषयीचे वैर हाच होता, हे नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेत युद्ध सुरू झाल्यावर उघड झाले. अबी यांनी त्याला कायदा-सुव्यवस्थेची कारवाई म्हटले आणि २८ नोव्हेंबरला मेकेले पडताच ती संपल्याचे जाहीर केले. ते युद्ध आणखी दोन वर्षे चालले. त्यात सहा लाखांपर्यंत माणसे मेली असावीत, असे आफ्रिकी संघाचे मध्यस्थ ओलुसेगुन ओबासान्जो यांनी नंतर सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात समझोता झाला. टिग्रेत उघडपणे लढलेल्या एरिट्रियाची मात्र त्यावर सही नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अबी यांनी तांबडा समुद्र हा इथिओपियाच्या अस्तित्वाचा प्रश्न असल्याचे म्हटले आणि जुनेच आडाखे नव्या तोंडांतून ऐकू येऊ लागले. बारा कोटींच्या देशापुढे चिमुकला शेजारी किती टिकणार, हा अदिस अबाबातील हिशेब. अंतर्गत बंडांनी पोखरलेला शत्रू कितीसा लढणार, हा अस्मारातील. १९९८ मध्ये काल-परवाचे मित्र शत्रू झाले होते. आता कालचे शत्रू मित्र होत असल्याचा संशय आहे: २०२५ मध्ये इथिओपियाने, एरिट्रिया आणि टीपीएलएफमधील एक गट युद्धाची तयारी करीत असल्याची तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांकडे केली.

बंदराची गरज खोटी नाही. परंतु बंदर वापरणे आणि बंदर मालकीचे असणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीचा भाव ठरवता येतो, दुसरीचा नाही. १९९८ पर्यंत असाब वापरायला इथिओपियाला त्यावर झेंडा लावावा लागला नव्हता. सीमेचे अक्षांश-रेखांशही आयोगाने २००७ मध्येच लिहून ठेवले आहेत. नव्या परिषदेची गरज नाही, खांब रोवणारे हात हवेत.

ती तयारी सत्ताधाऱ्यांपेक्षा सीमेवरच्या माणसांनी अधिक दाखवली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या झालाम्बेसा गावात २०२५ मध्ये स्थानिकांनीच पुढाकार घेऊन बंद वाट खुली केली. टिग्रिन्या ही एकच भाषा बोलणारी, एकमेकांच्या सोयरिकीतली कुटुंबे पाच वर्षांनी भेटली. या वाटेला दोन्ही राजधान्यांची अधिकृत मान्यता नव्हती, आणि अदिस अबाबात तर या भेटींकडेही संशयानेच पाहिले गेले.