पोत्यावरची टक्केवारी

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) दुधाचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत चालतो. डेअरीत फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागली तर ठरलेला भाव, पॉइंट खाली गेला की पैसे कापले. त्याबद्दल तक्रार नाही, माल तपासूनच घ्यावा. पण त्याच शेतकऱ्याने आणलेल्या कांडी पेंडीच्या पोत्यावर 'प्रथिने २० टक्के' असं छापलेलं असतं, ते कोण तपासतं?

५० किलोच्या पोत्यात ४८ किलो भरले तर वैधमापनवाले खटला भरू शकतात. पण २० टक्क्यांऐवजी १४ टक्केच प्रथिने असली, तर पोत्यामागे तीन किलो प्रथिने चोरली गेली. ही चोरी तराजूत दिसत नाही. ती दिसते गाय दुधाला कमी आली, पुन्हा पुन्हा उलटू लागली की. तोवर पेंड गायीच्या पोटात आणि पुरावाही तिथेच! शेतकरी मात्र स्वतःच्या नशिबाला बोल लावत बसतो.

शिवाय प्रथिनांचा आकडा फुगवताही येतो. केल्डाल नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८३ साली काढलेल्या पद्धतीत प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे एक किलो युरिया कागदावर पावणेतीन किलोंहून अधिक प्रथिने दाखवतो. मोठ्या जनावराला बेताचा युरिया पचतो, हे खरं. पण पोत्यावर न लिहिता तो घातला आणि ती पेंड वासरापुढे गेली तर? २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाईन मिसळलं गेलं ते याच नायट्रोजनच्या आकड्यासाठी, आणि त्यात लहान मुलं दगावली.

आता कायद्याची गंमत पाहा. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. म्हणजे दुधाचा नमुना या कायद्यात सापडतो, पेंडीचा नाही. १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात पेंड होती. २००६च्या दुरुस्तीत यादी छोटी झाली आणि ती गेली. चाऱ्याचं बियाणं तेवढं राहिलं! खतं राहिली, म्हणून १९८५च्या खत नियंत्रण आदेशाखाली निरीक्षक दुकानात जाऊन नमुना घेतो आणि तो अप्रमाणित निघाला तर खटला होतो. हेच पेंडीला का नको?

पंजाबने पशुखाद्य आणि क्षार मिश्रणांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे २०२३ साली दुग्धविकासमंत्री असताना राधाकृष्ण विखे पाटील यांनी पेंडीचे दर उतरवा, पोत्यावर घटक छापा, असं कंपन्यांना बजावलं. चांगलं केलं. पण छापणं आणि छापलेलं खरं असणं यांत फरक आहे. खोटं छापणाऱ्याला कोर्टात उभं केल्याशिवाय तो फरक मिटणार नाही.

तुम्ही म्हणाल, ग्राहक न्यायालय आहे की. आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं. पण दोन गायींच्या धन्याने धार काढायची, वैरण आणायची की नगरला तारखांना हेलपाटे घालायचे? फिर्यादी सरकारच हवं. कच्चा माल रोज सारखा नसतो, हे कारखानदारांचं म्हणणं मला पटतं. एखाद्या टक्क्याची सूट द्या. पण सहा टक्क्यांची तफावत म्हणजे सरळ लबाडी.

पुणतांब्याला २०१७ साली शेतकऱ्यांनी संप पुकारला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. तेव्हा सगळी चर्चा दराची झाली. दुधाच्या खर्चात पेंडीचा वाटा केवढा, हे गोठ्यातल्या बाईला विचारा. निदान एवढं तरी व्हावं : जिल्ह्यातल्या दुकानांतून दर महिन्याला नमुने उचलावेत, राहुरीला कृषी विद्यापीठ आहेच, तिथे ते तपासावेत आणि कंपनीच्या नावासकट निकाल प्रत्येक डेअरीत, दुधाच्या दरफलकाशेजारी लावावा.