गोल दरवाजा, बुद्धाचे शिर आणि हमालाची जागा

गेल्या महिन्यात माणकोली नाक्याच्या पुढे एका गोदामाच्या ऑफिसात आम्ही गेलो होतो. मागणी साधी होती : पॅकिंग करणाऱ्या बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि हमालांना बसायला सावलीची जागा. तासभर ताटकळावे लागले, म्हणून ऑफिस नीट पाहता आले. इंटिरियर नवे होते. चंद्रासारखा पूर्ण गोल दरवाजा, लाल लॅमिनेटचे खांब, मशीनवर कापलेली एमडीएफची चिनी जाळी, छताला कंदील. रिसेप्शनच्या टेबलावर लाफिंग बुद्धा आणि कोपऱ्यात बुद्धाचे नुसते शिर, त्यावरून पाणी वाहतेय. मालक कौतुकाने म्हणाले, "साहेब, बघा, तुमचेच भगवान बसवलेत. सगळे फेंगशुईप्रमाणे आहे."

आमच्यातला एक तरुण चिडला. त्याचा राग चुकीचा नव्हता. पण मित्रहो, केवळ भावना दुखावल्याची तक्रार करून आपण थांबलो तर उद्या ते शिर हलवतील, आणि हमाल उन्हातच राहील. म्हणून आम्ही या 'चायनीज थीम'बद्दलच बोलणार आहोत.

चिनी वास्तुकलेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. तिच्याशी आपले जुने नाते आहे. पॅगोडा म्हणजे मुळात आपला स्तूप. धम्माबरोबर तो चीनमध्ये गेला, तिथल्या बहुमजली मनोऱ्यांत मिसळला आणि उंच झाला. हनान प्रांतातला सोंगयुए पॅगोडा इ. स. 523 च्या सुमाराचा, विटांचा, आजही उभा आहे. मूळ शोधायला आपल्याला लांब जायला नको. नालासोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला, आणि लोनाडची बौद्ध लेणी तर आपल्याच भिवंडी तालुक्यात आहेत. किती जणांनी पाहिलीत?

या परंपरेतून घेण्यासारखे काय आहे, ते कॅटलॉगमध्ये सापडत नाही. सोंग राजवटीत ली जिए यांनी तयार केलेला 'यिंगझाओ फाशी' हा बांधकाम नियमांचा ग्रंथ 1103 मध्ये छापला गेला. त्यात लाकडाच्या आठ प्रती आहेत, खांबावर छत पेलणाऱ्या, एकमेकांत अडकवलेल्या लाकडी जोडांची मापे आहेत. आणि त्यातला मोठा भाग मजुरीच्या हिशेबाचा आहे : कोणत्या कामाला किती दिवसांची मेहनत धरायची. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून त्या दिवसाचे काम कमी धरायचे, हेही लिहिलेले आहे. हे काही कामगारांवरच्या प्रेमापोटी नव्हते, सरकारी खर्चातली गळती रोखायची होती. तरीही सुताराच्या अंगावरचा दिवस कोणीतरी मोजला होता. आपल्या पॉवरलूमवर बारा तासांची पाळी बाराही महिने बारा तासांचीच असते.

पण या परंपरेला डोक्यावर घेऊन नाचायचेही कारण नाही. बीजिंगचे जुने घर म्हणजे सिहयुआन : मध्ये उघडा चौक, चारी बाजूंना खोल्या. उत्तरेची, दक्षिणेकडे तोंड असलेली उत्तम खोली घरच्या वडीलधाऱ्यांची. दरवाज्यालगतची, रस्त्याकडे पाठ केलेली ओळ नोकरांची. मिंग काळात सामान्य माणसाच्या घराला तीन खणांची मर्यादा होती. पिवळी कौले बादशहाची. घर बघून माणसाची पायरी कळावी, अशीच ती रचना. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावकुसाची भिंत हीसुद्धा वास्तुरचनाच होती.

आता त्या ऑफिसकडे बघा. सिहयुआनातली चांगली गोष्ट म्हणजे चौक, सगळ्यांना उजेड आणि हवा देणारा. तो यांनी घेतला नाही. पायऱ्या मात्र बरोबर घेतल्या. शुभ दिशेला मालकांची केबिन, आणि हमाल ट्रकच्या सावलीत. ट्रक निघाला की सावलीही निघाली.

राहिली दिशांची गोष्ट. लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत; तो बुदाई नावाचा दहाव्या शतकातला चिनी भिक्खू. आणि बुद्धाच्या नावाने दिशा बघणाऱ्यांनी दीघ निकायातले ब्रह्मजाल सुत्त वाचावे. जागेचे शुभाशुभ सांगणारी वास्तुविद्या तिथे हीन विद्यांत मोजली आहे. त्याच निकायात सिगालाची गोष्ट आहे. हा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करायचा. बुद्धांनी त्याला दिशा म्हणजे माणसे असे सांगितले : पूर्वेला आईवडील, दक्षिणेला गुरू, आणि खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. त्या दिशेला काय द्यायचे? झेपेल तेवढेच काम, अन्न आणि वेतन, आजारपणात सेवा, गोडधोडातला वाटा, वेळेवर सुट्टी. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मालक-नोकरांच्या कर्तव्यांना जागा दिली आहे. फेंगशुईच्या होकायंत्रात ही खालची दिशा नसते.

आम्ही मालकांना कागदावर आराखडाच काढून दिला. मध्ये उघडा चौक, वर पत्र्याऐवजी उजेड येईल असे छत, हवा खेळती ठेवणारी खरी जाळी, बाजूला बाके आणि पाणी, पलीकडे बायकांचे स्वच्छतागृह. यालाही चायनीज म्हणा, आमची हरकत नाही.

स्वच्छतागृहाला ते तयार झाले. जागा मात्र फेंगशुईवाल्यांना विचारून ठरवतो म्हणाले. येत्या गुरुवारी आम्ही पुन्हा जातोय. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी दहाला माणकोली नाक्यावर भेटावे. जय भीम.