केसांचं वेळापत्रक कोणाचं?

पार्लरच्या पाट्या वाचल्या की गाव कुठे चाललंय ते कळतं. पूर्वी पाटीवर भुवया, फेशियल, मेंदी आणि नवरीचा मेकअप एवढंच असायचं. आता पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या करकंबसारख्या ऊस-द्राक्षाच्या गावातही त्याखाली स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन अशी नावं आली आहेत. लगनसराई जवळ आली की कॉलेजच्या मुली, नव्या सुना, नवरीच्या करवल्या एकामागून एक केस सरळ करून घेतात. उठताना प्रत्येकीला सांगितलं जातं, "आता चार महिन्यांनी या."

हे चार महिने कोणी ठरवले? मुलीने ठरवले नाहीत. तिच्या केसांनीही ठरवले नाहीत. ते बाटली विकणाऱ्याने ठरवले. केस सरळ करावेत की करू नयेत, हा वाद आपल्या बैठकांत नेहमी होतो आणि तो कुठेच पोचत नाही. मला त्याआधीचा साधा प्रश्न विचारायचा आहे. एकदा केल्यावर पुन्हा कधी, हे कोणाच्या सोयीने ठरतं?

बाईच्या केसांवर ती सोडून सगळ्यांचा हक्क, ही आपल्याकडची जुनी रीत. नवरा मेला की केशवपन. देवीचा कोप होईल या भीतीने डोक्यावर वाढवलेली जट. बघण्याच्या कार्यक्रमात "अंबाडा सोडून दाखव" म्हणणारी पाहुणेमंडळी. जटेचं ओझं तर आजही संपलेलं नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजूत घालतात, तेव्हा कुठे एखादीची मान मोकळी होते.

आता कोणी जबरदस्ती करत नाही, असं आपण म्हणतो. पण कुरळ्या केसांची गोष्ट बघा. मूल रांगत असतं तेव्हा त्याच्या कुरळ्या केसांचं घरभर कौतुक. तीच मुलगी अठराची झाली की तेच केस 'झिपऱ्या' होतात, 'डोक्याचं घरटं' होतं. १९९४ साली विश्वसुंदरीचे दोन्ही मुकुट भारतात आले. त्यानंतर तर जाहिरातीतली सुशिक्षित, नोकरी करणारी, टापटीप बाई म्हणजे सरळ, चमकदार, पाठीवर सळसळणारे केस, हे समीकरणच झालं. ही सक्ती हुकूम देऊन होत नाही, ती आरशातून होते. म्हणून केस सरळ करणाऱ्या मुलीला 'नटवी' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. एकाने सरळ कर म्हणायचं, आपण करू नको म्हणायचं. दोन्हीकडून मुलीचं डोकं आपल्याच हातात.

त्यापेक्षा तिच्या हातात माहिती देऊ या.

केसाचा आकार त्याच्या आतल्या प्रथिनांच्या गंधकाच्या जोडण्यांवर ठरतो. रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंगमध्ये रसायनाने या जोडण्या तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने नव्या आकारात पुन्हा जोडतात. अमेरिका-आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया ज्याला रिलॅक्सर म्हणतात, त्याचं काम असंच, फक्त त्यात तीव्र अल्कली असते; काहींमध्ये चक्क कॉस्टिक सोडा. अशा रीतीने सरळ झालेला केस कापेपर्यंत सरळच राहतो. तो मेलेला भाग आहे, पुन्हा वळत नाही. कुरळा येतो तो फक्त मुळाशी उगवलेला नवा केस.

आता हिशेब करा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे चार महिन्यांत पाच सेंटिमीटर, फार तर तीन बोटं. तीन बोटांच्या नव्या केसांसाठी पाठभर केसांना पुन्हा रसायन फासलं, तर आधीच एकदा तोडून जोडलेला केस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोडला जातो. मग तो कंगव्यात तुकड्या-तुकड्याने येतो आणि 'केस गळतात' म्हणून त्यावर आणखी एक बाटली विकली जाते. करायचंच असेल तर रसायन फक्त नव्या वाढीला लावायचं आणि त्यासाठीही नवी वाढ पुरेशी होऊ द्यायची. चार महिन्यांचे आठ केले, आठांचे बारा केले, तर बिघडत काहीच नाही. वाचतं मात्र बरंच.

केराटिनचं वेगळं आहे. ते कायमचं नसतं, काही महिन्यांत धुऊन जातं. त्यामुळे दर वेळी सगळ्या केसांना पहिल्यापासून करतात. यातल्या अनेक मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तो यानेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. त्यानंतर 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' म्हणून जी उत्पादनं आली, त्यांतल्या काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. केस सरळ केल्यावर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद इस्रायलच्या डॉक्टरांनी २०२३ साली प्रसिद्ध केली. २०२४ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची हकिकत मांडली. तिने तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिचं मूत्रपिंड दुखावलं. हे आम्ल कातडीतून शरीरात जातं, त्याचं ऑक्झलेट बनतं आणि त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात, असं त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं. केस सरळ केल्यावर मळमळ, उलट्या, पोटात किंवा पाठीत दुखणं असं काही झालं, तर 'बाधलं असेल' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि केसांना काय लावलं ते आठवणीने सांगा.

आणखी एक अभ्यास महत्त्वाचा, कारण तो वारंवारतेबद्दलच बोलतो. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं न वापरणाऱ्या शंभर जणींपैकी वयाच्या सत्तरीपर्यंत १.६४ जणींना गर्भाशयाचा कर्करोग होईल, असा त्यांचा अंदाज निघाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत तोच आकडा ४.०५ निघाला. यात संबंध दिसला, कारण सिद्ध झालेलं नाही. तिथली रसायनं आणि आपल्याकडची एकच आहेत असंही नाही. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण 'वरचेवर' या शब्दापाशी थांबायला एवढं पुरेसं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रश्न आणखी पुढे नेला. मुळात आमच्या केसांमुळे आम्हाला नोकरी का नाकारता, असं त्यांनी विचारलं. २०१९ साली कॅलिफोर्नियात केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला.

पैशाचंही बोलू. समजा एका वेळचे तीन हजार रुपये झाले. बाईचा शेतातला रोज तीनशे धरला, तर ही दहा दिवसांची हजेरी. वर्षातून तीनदा म्हणजे एक पूर्ण महिना वाकून काम. अंतर वाढवून वर्षातून एकदाच केलं, तरी वीस दिवसांची कमाई घरात राहते.

आता खुर्चीमागे उभी असलेल्या बाईकडे वळू. तिला विसरून हा विषय पुरा होत नाही. गावातलं पार्लर चालवणारी बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. कोणी बचत गटाचं कर्ज काढलेलं असतं, कोणी नवऱ्याच्या नावावरच्या खोलीत आरसा लावलेला असतो. पुरुषांची नजर नको म्हणून खिडकीला जाड पडदा आणि दार बंद. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तो धूर घेतं. ती लग्नाच्या दिवसांत रोज घेते, कधी पोटुशी असतानाही घेते. तिची हजेरी नाही, विमा नाही, रजा नाही. ऊसतोड मजूर बाईच्या आरोग्यावर आपण बोलतो, ते योग्यच आहे. पण ही बाईसुद्धा कामगार आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण तिच्या खोलीत सुवास येतो.

अंतर वाढवा म्हटलं की पहिला फटका तिच्या गल्ल्याला बसणार, हा आक्षेप खरा आहे. त्यावर माझं म्हणणं असं. ज्या तीन हजारांचा मोठा वाटा बाटलीवाल्याकडे जातो, त्यातून तिला उरतं किती? त्याऐवजी तिने आपल्या हातच्या कौशल्याचे पैसे घ्यावेत: टोकं कापणं, तेल लावून मालिश, धुणं, कुरळ्या केसांची नीट कापणी आणि बांधणी. यात बाटलीचा खर्च नाही, धूर नाही आणि गिऱ्हाईक दर महिन्याला येऊ शकतं.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनीच नकार दिला. पार्लरवाल्या बायांनीही तसं ठरवावं: लेबल नसलेली, कशापासून बनली ते न लिहिलेली बाटली आम्ही उघडणार नाही. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे वेष्टनावर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि बॅच क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आणि बचत गटाने पार्लरला कर्ज देताना हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचे पैसे त्यात धरलेच पाहिजेत.

मधले महिने निभवायचे कसे, हा मुलींचा खरा प्रश्न असतो. मुळाशी कुरळं, खाली सरळ. ते विचित्र दिसतं म्हणून त्या घाईने पुन्हा पार्लर गाठतात. नवा आणि जुना केस जिथे मिळतात तो सांधा सगळ्यांत नाजूक, केस तिथेच तुटतो. तेव्हा कोरड्या केसांत बारीक दातांची फणी घालायची नाही. थोडं तेल लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर, मुळाकडे विंचरत यायचं. वेणी सैल घालायची, मुळं ओढली जातील अशी नाही. घरची इस्त्री फिरवून दर दोन दिवसांनी सरळ करत बसलात तर रसायन टाळून काही कमावलं नाही. दोन-तीन महिन्यांनी टोकं कापायची. सरळ भाग असाच हळूहळू कापून टाकला की एक दिवस आपले मूळचे केस परत येतात, ज्यांना हवे त्यांना.

खोबरेल तेलाचं आजीचं म्हणणं प्रयोगशाळेतही टिकलं आहे. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खनिज, सूर्यफूल आणि खोबरेल अशी तीन तेलं ताडून पाहिली. केसातलं प्रथिन कमी झिजतं ते खोबरेलाने, असं त्यांना आढळलं. ती कंपनी खोबरेलच विकते हे लक्षात ठेवूनही तेलाचा हात धुण्याआधी फिरवायला हरकत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर साबण नीट निघत नाही, केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे किंवा पावसात साठवलेल्या पाण्याचे घ्यावेत. डोक्याला जखम, पुरळ असताना रसायन लावू देऊ नये. काळी मेंदी किंवा रंग लावलेला असेल तर आधी सांगावं. दिवस गेलेले असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना हे सगळं पुढे ढकलावं.

आणि केस मुळापासून गळत असतील तर उत्तर पार्लरमध्ये नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगात लोह कमी असलं की केसही गळू शकतात. त्या तीन हजारांत महिनोन् महिने घरात शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, अंडी येतील, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात.

म्हणून मैत्रिणींनो, कोणाला बंदी घालायची नाही आणि कोणाची टिंगलही करायची नाही. "चार महिन्यांनी या" म्हटलं की एवढंच म्हणायचं, "मला गरज वाटेल तेव्हा मी येईन. बाटली दाखवा, खिडकी उघडा आणि तुम्हीही नाकातोंडाला काही बांधा." तारीख एकदा आपल्या हातात आली की करायचं की नाही, हेही आपलं आपल्याला कळायला लागतं.