एल्फांच्या भाषेला हसण्याआधी

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने दिवाळीच्या सुट्टीत मनगटावर टॅटू काढून घेतला. लेकीचं नाव, एल्व्हिशमध्ये. एका वेबसाइटवर नाव इंग्रजीत टाइप केलं, साइटने सुंदर वळणदार अक्षरं काढून दिली आणि टॅटूवाल्याने ती जशीच्या तशी गिरवली. मला ती लिपी थोडीफार वाचता येते. मनगटावर लेकीचं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं. टोल्कीनची तेंग्वार लिपी कीबोर्डवर बसवणाऱ्या फॉन्टमध्ये इंग्रजी 'ए'चं बटण दाबलं की स्वर येत नाही, भलतंच व्यंजन येतं. नाव नुसतं फॉन्ट बदलून लिहिलं की हातात व्यंजनांचा चिवडा पडतो.

हे मी तिला सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका सहकाऱ्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "अगं, भाषाच खोटी. मग त्यात चूक कसली? काहीही लिहा, बरोबरच!"

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. 'मराठी मरतेय आणि तुम्हाला एल्फांच्या व्युत्पत्तीचं पडलंय' हे नेहमीचं वाक्य मी ऐकून सोडून देते, कारण ते म्हणणाऱ्याच्या घरात मराठी शब्दकोश निघेल याची मला खात्री नाही. पण 'खोट्या भाषेत काहीही बरोबर' हे म्हणणं चुकीचं आहे, आणि ते एल्फांपाशी थांबत नाही. आपल्या भाषेशीही आपण तसेच वागतो.

आधी ही भाषा काय आहे ते बघू. जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) हा पेशाने भाषाशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर १९१९-२० मध्ये तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या कचेरीत नोकरीला होता आणि 'डब्ल्यू'पासून सुरू होणारे शब्द सोडवत होता. एकट्या 'वॉलरस' या शब्दाच्या व्युत्पत्तीचे त्याने अनेक खर्डे केले. त्याही आधी, १९१५च्या सुमारास, त्याने क्वेन्या भाषेचा कोश लिहायला घेतला होता. क्वेन्यावर फिनिशची छाया आहे आणि पुढे सिंदारिन म्हणून ओळखल्या गेलेल्या भाषेवर वेल्शची. पण या उसन्या सुरावटीपेक्षा त्यानं घातलेली अट महत्त्वाची आहे. दोन्ही भाषा एकाच आदिभाषेतून निघाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक शब्दाला तिथून इथवर पायी चालत यावं लागेल.

उदाहरण घ्या. झाडासाठी मूळ शब्द 'गालादा'. क्वेन्यात सुरुवातीचा 'ग' गळतो, मधला स्वर गळतो आणि उरतो 'आल्दा'. सिंदारिनमध्ये 'ग' टिकतो, शेवटचा स्वर गळतो, 'द' मऊ होतो आणि शब्द होतो 'गालाध'. दगडाचंही तसंच, क्वेन्यात 'ओन्दो' आणि सिंदारिनमध्ये 'गोन्द'. देशासाठीच्या 'न्दोर' या मुळातून एका भाषेनं 'न' ठेवला आणि दुसरीनं 'द'. म्हणजे व्हॅलिनॉरमधला 'नॉर' आणि गॉन्डॉरमधला 'डॉर' हे सख्खे भाऊ. गॉन्डॉर म्हणजे दगडांचा देश. सिनेमात ते पांढरंशुभ्र पाषाणनगर बघताना हे माहीत नसलं तरी चालतं, माहीत असलं तर ते अजून जवळचं वाटतं.

आता मराठी बघा. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. जोडाक्षर आधी सपाट झालं, मग त्यातलं एक अक्षर गळलं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांब झाला. हे कुणी बसून ठरवलेलं नाही, शेकडो वर्षं माणसं बोलत राहिली आणि ते झालं. टोल्कीननं हीच शिस्त एकट्यानं स्वतःवर लादून घेतली. मुळांची एक लांबलचक यादी त्यानं १९३०च्या दशकाच्या अखेरीस केली. मुलगा ख्रिस्तोफरने ती १९८७ मध्ये छापली. ती वाचताना कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' उघडल्यासारखं वाटतं. फरक इतकाच, की त्यातली माणसं कधी जन्मली नव्हती.

खोट्या भाषेत काहीही बरोबर असतं तर 'ग' कधी गाळायचा आणि कधी ठेवायचा याची पंचाईत करायची गरजच नव्हती.

आणि पंचाईत तरी किती! 'रोस' या छोट्या तुकड्याची गोष्ट ऐका. 'एलरोस'सारख्या नावांत तो येतो. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत टोल्कीननं या 'रोस'वर एक आख्खा निबंध लिहिला. तो एल्फांच्या भाषेतला नव्हेच, माणसांच्या एका जुन्या बोलीतून आला, असं त्यानं राजघराण्यांच्या इतिहासासकट सिद्ध केलं. मग लक्षात आलं, की 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये 'काइर आन्द्रोस' नावाचं नदीतलं बेट आधीच छापून गेलंय, त्याचा अर्थ लांब फेसाचं जहाज, आणि त्यातला 'रोस' म्हणजे फेस हा सरळसरळ सिंदारिन आहे. एका बेटापायी निबंध बुडाला. म्हाताऱ्यानं कागदावर नोंद केली की यातलं बहुतेक सगळं टिकत नाही.

जग त्याचं, भाषा त्याची, बेटही त्याचंच. पुढच्या आवृत्तीत नाव बदलायला त्याला कोण अडवणार होतं? पण छापलेल्या एका शब्दापुढे तो हरला आणि तसं लिहूनही ठेवलं. आता मला व्हॉट्सअ‍ॅपवर व्युत्पत्ती पाठवणारा एक काका दाखवा, ज्यानं कधी 'माझं टिकत नाही' असं लिहिलंय.

आपल्याकडे ही काकागिरी जुनी आहे. पु. ना. ओकांनी 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' आणि 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे 'कृष्णनीती' असं छापून सांगितलं आणि लोकांनी ते आनंदानं वाचलं. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचं नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं आहे, ही गोष्ट त्या आनंदाच्या आड येत नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जुळलं! मधे कुठल्या काळी, कुठल्या तोंडात, कुठला आवाज बदलला, हे विचारणारा देशद्रोही. आणि काकांना कशाला नावं ठेवायची, आपल्याच वयाचे आईबाप बाळाचं नाव 'रेयांश' ठेवतात आणि अर्थ सांगतात 'सूर्यकिरणांचा अंश'. किरण या अर्थाचा 'रे' इंग्रजीतला आहे, संस्कृतात तो नाही. नाव गोड आहे, जरूर ठेवा. पण ते तुम्ही बनवलंय असं तरी म्हणा. टोल्कीन निदान तसं म्हणत होता.

कानाला सारखं लागण्याचा हा रोग त्यालाही छळत होता. सॉरॉन हे नाव ग्रीकमधल्या पालीच्या 'सौरा'वरून घेतलं असणार, असं वाचक त्याला कळवायचे. त्यानं १९६७ च्या एका पत्राच्या खर्ड्यात वैतागून लिहिलं, की काही संबंध नाही. सॉरॉन हा जुन्या 'थौरोन्द'पासून आला आणि त्याच्या मुळाशी 'घृणास्पद' असा अर्थ आहे. मोरियाचा बायबलमधल्या मोरियाशी संबंध नाही. एका नॉर्स लोककथेतल्या किल्ल्याच्या नावाचा नाद कानात राहिला होता, तो 'मोर' म्हणजे काळा या आपल्या मुळाशी जुळला, एवढंच. नाद कुठून आला हे तो कबूल करतो. अर्थ मात्र आपल्या भाषेच्या आतूनच आला पाहिजे, यावर तो अडून बसतो.

मजा म्हणजे चुकीच्या व्युत्पत्तीलाही त्यानं जागा ठेवली होती. गालाद्रिएलच्या नावात 'गालाद' आहे, म्हणजे तेज. तेजस्वी माळ ल्यालेली मुलगी. पण ती राहायची झाडांच्या राज्यात, आणि झाड म्हणजे 'गालाध'. तेव्हा बाहेरचे लोक तिला 'गालाध्रिएल' म्हणू लागले, असं तो सांगतो. जुना इतिहास पुसट झाला की लोक समोर दिसतं त्यावरून अर्थ लावतात. तो त्यांना हसत नाही, चूक कशी घडली ते दाखवतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितेय त्याकडे येते.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. पुण्यात कॉलेजला आले त्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत दुष्काळावर बोलले. दुष्काळावरच्या भाषणात एक शब्द किती वेळा येत असेल? मी दर वेळी 'पानी' म्हणत होते, आणि दर वेळी हॉलमधून हसू येत होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मला कळलं की ते कशाला हसतायत. मग उरलेलं भाषण मी तो शब्द टाळत पूर्ण केलं. पाण्याशिवाय दुष्काळ. परीक्षक बाईंनी प्रेमानं सांगितलं, "बाणातला ण, बाळ. नळातला न नव्हे."

टोल्कीनच्या कागदांत फेआनोरची एक गोष्ट आहे, ती १९९६ मध्ये छापून आली. फेआनोरच्या आईचं नाव मीरिएल, टोपणनाव 'थेरिन्दे', म्हणजे भरतकाम करणारी. ती गेली, बापानं दुसरं लग्न केलं. दरम्यान लोकांच्या बोलण्यात सगळीकडे 'थ'चा 'स' होत गेला (सॉरॉनमध्ये झाला तोच). आईचं नाव 'सेरिन्दे' झालं, सावत्र आईही 'स' म्हणू लागली. फेआनोरनं ठरवलं, की 'स' म्हणणारा प्रत्येक जण माझ्या आईला नाकारतोय. मुलांनाही त्यानं तेच शिकवलं. एका आवाजावरून घराणं दुभंगलं. बायबलमध्ये नदीच्या उतारावर 'शिबोलेथ' म्हणता न येणाऱ्या ४२ हजारांना मारल्याची कथा आहे. टोल्कीनच्या त्या लेखाच्या शीर्षकात 'शिबोलेथ' हाच शब्द आहे.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा तो हॉल आठवला. 'खोट्या' भाषेतल्या त्या माणसांना हे माहीत होतं, की उच्चारामागे कुणाची तरी आई असते. माझी आई 'पानी'च म्हणते.

मग मी 'पाणी' कुठून आलं ते शोधलं. संस्कृतात 'पानीय', नळातल्या न चा. महाराष्ट्री प्राकृतानं सरसकट 'न'चा 'ण' केला, 'नगर'चं 'णअर' केलं, आणि त्या वाटेनं 'पाणी' झालं. म्हणजे ज्याला शुद्ध म्हणून माझ्या तोंडात कोंबलं, तो कधीकाळी झालेला बदलच. पण म्हणून 'पानी' जास्त शुद्ध, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मी परीक्षक बाईंचीच चूक उलट्या बाजूनं करीन. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा जातीचा दाखला नव्हे. शब्द कुठून कसा आला ते ती सांगते, तो कुणी बोलावा हे ठरवत नाही.

एल्व्हिशला माझ्या मैत्रिणीइतकंच मिरवणारे चाहते आहेत, आणि त्यांच्यावरही माझा राग आहे. सिनेमांसाठी डेव्हिड सालो या अभ्यासकानं मेहनतीनं संवाद बेतले. त्यातलं आभाराचं 'हान्नोन ले' आज टोल्कीनचं म्हणून कपांवर छापलं जातं. कादंबरीत ते नाही. नवं घडवायला हरकत नाही, पण कुणी घडवलं ते पुसू नका. आणि हेही खरं, की क्वेन्यात कुणी भांडलेलं नाही, बाजारात घासाघीस केलेली नाही, शिवी हासडलेली नाही. मराठीनं कन्नडमधून 'अक्का' घेतली, पोर्तुगीजमधून 'चावी' आणि 'पगार' घेतला, ते व्यवहारातून. ती श्रीमंती एका माणसाच्या टेबलावर तयार होत नाही. म्हणून तर मला जास्त लाज वाटते. आपल्याकडे खरी माणसं आहेत आणि शब्दांची कदर मात्र त्या एकट्या माणसानं जास्त केली.

शेवटी गेल्या आठवड्यात मी मैत्रिणीला सांगून टाकलं. ती दोन मिनिटं मनगटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मग बरोबर कसं लिहायचं ते दाखव." कॅन्टीनमध्ये पेपर नॅपकिन घेऊन बसलो. तेंग्वारची रचना आपल्या वर्णमालेसारखी आहे, उच्चाराच्या जागेप्रमाणे रांगा, स्वर मात्रांसारखे वर. सगळं जमलं, फक्त तिच्या लेकीच्या नावात 'ण' आहे आणि एल्फांकडे 'ण' नाही. काही रांगा त्या त्या भाषेनं आपल्या सोयीनं वापराव्यात अशी मुभा आहे, तेव्हा एक अक्षर 'ण'साठी राखता आलं असतं.

"न नाही का चालणार?" तिने विचारलं.

"घरी हाक कशी मारतेस?"

तिने मारून दाखवली. त्यात 'न' होता. मी नॅपकिनवर 'नूमेन' काढला. एल्फांच्या लिपीत 'न'च्या अक्षराचं ते नाव आहे, अर्थ पश्चिम.